किनाऱ्याचे ऋण

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आषाढी एकादशी उलटून पंधरवडा होऊन गेला होता. मुक्ताबाईच्या पालखीबरोबर पायी पंढरपुरास गेलेली माझी आत्या परत येऊन मुक्ताईनगरच्या आमच्या जुन्या घरी ओसरीवर पाय शेकीत बसली होती. आणि नॉर्वे देशाच्या किनाऱ्याची बारा दिवसांची जलयात्रा आटोपून नुकताच परतलेला मी तिच्या भेटीस गेलो होतो. दोघेही एकाच सुमारास घराबाहेर पडलो होतो. ती महिनाभर चालली. मी बारा दिवस बसलो. तिच्या टाचांस भेगा पडल्या होत्या. माझे वजन दोन किलोंनी वाढले होते.

प्रवासाच्या गोष्टी ऐकण्याची आत्याला मोठी हौस. समुद्रातून सरळ उभे राहिलेले डोंगर, त्यांच्या माथ्यावरून कोसळणारे धबधबे, रात्री बारा वाजता क्षितिजावर टेकून न बुडताच पुन्हा वर चढू लागणारा सूर्य, हे सर्व तिने एकाग्रतेने ऐकले. सूर्य मावळतच नाही तर तिकडच्या बाया सांजवात केव्हा लावतात, एवढी एकच शंका तिने मध्ये विचारली. नंतर थोडा वेळ थांबून ती म्हणाली, “तठी कोन भेटलं रे तुले?”

मी हसून म्हणालो, “आत्या, तेथे कोण भेटणार? तेथे आपले कोणीच नाही.”

“मंग गेल्ता कोनाकडे?”

या प्रश्नास मजजवळ उत्तर नव्हते. त्या वेळी मी तो जुन्या पिढीच्या भाबडेपणावर लोटून दिला. तिच्या पिढीच्या बायकांचा प्रवास नेहमी कोणाकडे तरी असे: माहेरी, लेकीच्या घरी, लग्नकार्यास, नाहीतर विठोबाकडे. वारकरीसुद्धा पंढरपूर पाहावयास जात नाही. तो विठोबाला भेटावयास जातो. आम्ही सुशिक्षित लोक मात्र ‘कोणाकडे’ न जाता ‘कोठे’ जातो, आणि हीच आमच्या प्रवासाची प्रतिष्ठा समजतो. असे मनाचे समाधान करून मी जळगावास परतलो खरा. परंतु तो प्रश्न काही मनातून जाईना. जेथे आपले कोणी नाही, जेथे आपली कोणास गरज नाही, अशा ठिकाणी केवळ डोळ्यांच्या सुखासाठी जाणे यात काही नैतिक उणीव आहे काय? आणि असल्यास ती नेमकी कोणती? त्याचाच विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम त्या जहाजाविषयी सांगितले पाहिजे. कारण आरोपीची बाजू ऐकल्यावाचून निवाडा करणे न्यायाचे नाही. आमचे जहाज फार मोठे नव्हते. चार-पाच हजार माणसे पोटात घेऊन हिंडणारी तरंगती शहरे हल्ली निघाली आहेत. त्यांच्या मानाने पाच-साडेपाचशे उतारूंचे हे जहाज मध्यमच म्हणावयाचे. खोली लहान पण टापटिपीची, गादी मऊ, खिडकीस जाड काच. वरच्या मजल्यावर पुढच्या बाजूस काचेचे एक विस्तीर्ण दालन होते आणि त्यात आरामखुर्च्या मांडलेल्या होत्या. बाहेर अंगास झोंबणारा वारा आणि आत मात्र पातळ सदऱ्यावर बसावे अशी ऊब. हाती कॉफीचा पेला घ्यावा आणि डोंगर, बेटे, दीपगृहे यांनी आपण होऊन समोरून सरकत जावे. पत्नीने बरोबर घेतलेली शेंगदाण्याची चटणी तेथील बटाट्यांबरोबर बरी लागे. आमच्या मुलाने परदेशातील आपल्या पहिल्या बढतीच्या पैशातून ही यात्रा आम्हां उभयतांस भेट दिली होती. अशा भेटीस पाप म्हणण्याइतका मी कृतघ्न नाही.

आत्याच्या प्रश्नावर दोन उत्तरे कोणासही चटकन सुचतील. पहिले उत्तर तपस्व्यांचे. प्रवासाचे पुण्य कष्टात आहे. जो चालला त्यासच देश दिसला, जो बसून गेला त्याने चित्रांचे पुस्तक चाळले. हे उत्तर कानास गोड लागते, आणि ते देणारा बहुधा स्वतः बसून प्रवास करणारा असतो. मला ते पटत नाही. टाचेची भेग हेच पुण्याचे माप असेल, तर दुष्काळी कामावर उन्हात खडी फोडणारी बाई सर्वांत मोठी यात्रेकरू ठरेल. परंतु तिला तसे म्हणणे ही तिची क्रूर थट्टा होईल. आत्यालाही कष्टांची मातब्बरी नाही. पालखीबरोबर आता पाण्याचे टँकर असतात, औषधांची गाडी असते, मुक्कामी ताडपत्रीचे तंबू असतात. या सोयींमुळे आपली वारी खोटी झाली असे तिला कधी वाटले नाही. उलट, टँकर वेळेवर आला नाही तर ती चार शब्द सुनावण्यास कमी करीत नाही.

दुसरे उत्तर उदारमतवाद्यांचे, आणि इंग्रजी विद्येवर पोसलेल्या माझ्यासारख्यांस तेच जवळचे. ते असे, की ज्या सुखाने कोणाचे नुकसान होत नाही त्या सुखाविषयी नीतिशास्त्रास बोलण्याचा अधिकार नाही. मी भाडे भरले, रांगेत उभा राहिलो, कचरा कुंडीत टाकला. किनाऱ्यास माझ्यापासून तोशीस लागली नाही. मग देणेघेणे उरले कोठे? हे उत्तर मात्र सहजासहजी खोडता येत नाही. ते कोठे अपुरे पडते हे मला तर्काने नव्हे, जहाजावरील एका रात्री कळले. परंतु ती रात्र सांगण्यापूर्वी आपल्या घरच्या किनाऱ्याकडे एकदा पाहून घेऊ.

कोकणच्या आगबोटी आजच्या तरुण वाचकांनी पाहिलेल्या नाहीत. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघून हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत त्या जात. बहुतेक बंदरांत बोट धक्क्यास लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही, भोंगा देई, आणि किनाऱ्यावरून पडाव व होड्या तिच्याकडे धाव घेत. डेकवर माणसे, ट्रंका, आंब्यांच्या पेट्या, कोंबड्या यांची एकच दाटी. तिला सुखाचा प्रवास कोणी म्हटले नसते. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट मुंबईपासून थोड्याच अंतरावर बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे प्राणांस मुकली, हे ज्याला ठाऊक आहे तो त्या प्रवासाच्या कष्टांचे गोडवे गाणार नाही. तथापि त्या बोटींत एक गोष्ट होती. तिचा भोंगा वाजला की किनाऱ्यावरील अर्धा गाव पुळणीवर येई. कोणाचा मुलगा उतरणार, कोणाची मनिऑर्डर येणार, कोणाचे औषध, कोणाचे लग्नाचे लुगडे. बोट किनाऱ्याकडे पाहत असे, त्याहून अधिक उत्कंठेने किनारा बोटीकडे पाहत असे. मोटाररस्ते झाले, पुढे १९९८ साली कोकण रेल्वे संपूर्ण मार्गाने धावू लागली. तत्पूर्वीच त्या बोटी नाहीशा होत गेल्या होत्या. त्यांच्याविषयी शोक करण्याचे कारण नाही. किनाऱ्यास अधिक चांगले साधन मिळाले.

नॉर्वेच्या किनाऱ्याची कथाही अशीच सुरू झाली. तो देश म्हणजे समुद्र आणि पर्वत यांच्या कात्रीत सापडलेली जमिनीची एक लांब पट्टी. किनारा असा कातरलेला, की शेजारच्या गावी जावयाचे तर डोंगर ओलांडण्यापेक्षा पाण्यावरून जाणे सोपे. एकोणिसाव्या शतकात ट्रॉनहाइमहून उत्तरेकडील हामरफेस्टला धाडलेले पत्र पोचण्यास उन्हाळ्यात तीन आठवडे आणि हिवाळ्यात पाच महिन्यांपर्यंत अवधी लागे. बाप वारल्याची वार्ता मुलास वर्षश्राद्ध जवळ आल्यावर कळावी, असा तो प्रकार. दीपगृहे विरळ, नकाशे अपुरे, हिवाळ्यात दिवसाही अंधार. अशा किनाऱ्याने रात्रीही जहाज चालविणे अशक्य, असे जाणत्यांचे मत होते. रिचर्ड विथ नावाच्या कप्तानाने आपल्या नावाड्यासह दिशा, वेग आणि वेळ यांची टिपणे वर्षानुवर्षे काळजीपूर्वक ठेविली होती. त्यांच्या बळावर त्याने हे काम अंगावर घेतले. २ जुलै १८९३ रोजी त्याची ‘वेस्टरॉलेन’ ही आगबोट ट्रॉनहाइमहून निघाली आणि नेमल्या वेळापत्रकाने हामरफेस्टला पोचली. तोच मार्ग पुढे वाढत गेला. आज दक्षिणेस बर्गेनपासून उत्तरेस रशियाच्या सरहद्दीजवळील किर्केनेसपर्यंत चौतीस बंदरे घेत ही जहाजे जातात आणि परत येतात. तेथील सरकार त्यासाठी पैसा मोजते. २०२१ पासून दोन कंपन्या मिळून हे काम करीत आहेत. आमच्यासारख्या हौशी उतारूंना आरामखुर्च्या मिळाल्या त्या नंतर.

हे सर्व मी जहाजावरच्या पुस्तिकेत वाचले होते. पण वाचणे निराळे आणि ध्यानी येणे निराळे. पाचव्या दिवशी पहाटे दोनच्या सुमारास खालून यंत्रांची घरघर आणि लोखंडाचा खणखणाट होऊन माझी झोप मोडली. इतके भाडे भरून रात्रीची झोपही मिळू नये याचा राग आला. दुपारी पाहण्याजोगे शहर सोडून हे लोक मध्यरात्री कोठे थांबतात, असे पुटपुटत मी अंगावर कोट चढवून वर गेलो. रात्र असूनही लख्ख उजेड होता. डोंगराच्या कुशीत मोजकी घरे, एक धक्का आणि धक्क्यावर चार माणसे. गावाचे नाव ओक्सफियोर्ड. जहाजाच्या पोटातून एक लहान गाडी पेट्या काढून धक्क्यावर ठेवीत होती. एक वृद्ध बाई हातात पिशवी घेऊन उतरली. धक्क्यावर उभ्या असलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाने पिशवी घेतली, तिने त्याच्या डोक्यावरची लोकरी टोपी नीट केली, आणि दोघे काही न बोलता चालू लागली. पंधरा मिनिटांत फळी उचलली गेली आणि जहाज निघाले.

घडले ते एवढेच. पण त्या क्षणी मला उमजले, की हे जहाज माझ्यासाठी निघालेले नाही. मी त्यात आहे, इतकेच. ते त्या बाईसाठी, त्या मुलासाठी, त्या पेट्यांसाठी निघाले आहे. आणि ज्याला मी खोळंबा म्हणत होतो तेच त्याचे काम आहे. आत्याने तिला विचारले असते, “कोनाकडे?” तर त्या बाईजवळ उत्तर होते. जहाज एक, समुद्र एक, काचेतून दिसणारा डोंगरही एक. परंतु तिचा प्रवास किनाऱ्यापाशी पूर्ण झाला, आणि माझा प्रवास किनारा मागे पडत राहील तोवरच चालू राहणार होता.

येथे कोणी म्हणेल, की अशा हौशी उतारूंच्या पैशावरच ही जहाजे तगतात; तुम्ही नसता तर त्या बाईस भाडे परवडले नसते. यात तथ्य आहे, आणि ते मी नाकारीत नाही. किनाऱ्यावरची कितीतरी कुटुंबे पाहुण्यांच्या पैशावर जगतात. परंतु किंमत चुकविणे आणि ऋण फेडणे या दोन गोष्टी एक नव्हेत. खाणावळीत आपण जेवणाचे पैसे देतो, आणि आईच्या हातचे जेवतो तेथे पैसे देत नाही. म्हणून आईचे देणे नाही असे कोणी म्हणत नाही. किंमत ही जे विकावयास ठेविले आहे त्याची असते. त्या किनाऱ्यावर मला जे मिळाले, त्यातील किती विकावयास ठेविले होते?

गायरांगरचा फियोर्ड पाहताना हा प्रश्न अधिक टोचला. फियोर्ड म्हणजे हिमनद्यांनी कोरलेल्या खोल दऱ्यांत शिरलेला समुद्र. या फियोर्डाची २००५ साली जागतिक वारशाच्या यादीत नोंद झाली, आणि ते योग्यच आहे. सौंदर्य या शब्दाचा अर्थ तेथे शिकावा. पाण्यापासून सुमारे अडीचशे मीटर उंचीवर, कड्याच्या एका चिंचोळ्या कंगोऱ्यावर, काही जुनी लाकडी घरे दिसतात. ती स्कागेफ्लो नावाची वाडी. पिढ्यान् पिढ्या माणसे तेथे शेळ्या पाळून राहिली. लहान मुलांनी कड्यावरून पडू नये म्हणून त्यांस दोरीने बांधून ठेवीत असे सांगतात. कर वसूल करणारा येताना दिसला की वरची शिडी ओढून घेत, असेही सांगतात. या दुसऱ्या गोष्टीवर आमच्या डेकवर मोठा हशा पिकला. १९१६ साली ती वाडी ओस पडली. पलीकडच्याच एका फियोर्डात, ताफियोर्ड येथे, ७ एप्रिल १९३४ रोजी डोंगराचा एक प्रचंड कडा पाण्यात कोसळला, त्याने उठलेली लाट काठच्या वस्त्यांवर चढली आणि चाळीस माणसे गेली. गायरांगरजवळच्याही एका डोंगरास भेग आहे आणि ती रुंदावत आहे. तिच्यावर रात्रंदिवस यंत्रांचा पहारा असतो. म्हणजे ज्या कड्याकडे बोट दाखवून आम्ही ‘अहाहा’ म्हणत होतो, त्याच कड्याकडे गावातील माणसे रात्री निजण्यापूर्वी एकदा पाहून घेत असतील. आमचे सौंदर्य आणि त्यांचे भय ही एकाच दगडाची दोन नावे होती.

मग केवळ जवळ जाऊन पाहण्यास महत्त्व किती? येथे मला लोकमान्य टिळकांची आठवण होते. उत्तर ध्रुवाकडील दीर्घ उषःकालाचा विचार त्यांच्याइतका खोल कोणी केला असेल? १८९७-९८ च्या कारावासात ऋग्वेद वाचीत असता त्यांच्या मनात त्या विचाराची जुळणी होत होती. १९०३ साली त्यांचा आर्यांच्या ध्रुवप्रदेशीय मूलस्थानावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील सिद्धान्त आज विद्वान मानीत नाहीत, आणि तो मांडणाऱ्याने ध्रुववृत्तापलीकडे कधी पाऊल टाकले नव्हते. तरीही उषेची सूक्ते वाचताना, ही इतकी लांबलेली पहाट कोणी पाहिली असेल, हा प्रश्न त्यांनी मनापासून विचारला. आणि आम्ही? ध्रुववृत्त ओलांडल्याच्या आनंदात जहाजावरील सेवकांनी आमच्या मानेवर गमतीने बर्फाचे पाणी ओतले. आम्ही किंचाळलो, छायाचित्रे काढली आणि जेवावयास गेलो. कोठडीत बसलेल्या माणसाने जे विचारले, ते प्रत्यक्ष जागी उभे राहून आम्ही विचारले नाही. डोळे तेथे होते; प्रश्न नव्हता.

आपल्या भाषेत ‘पाहणे’ आणि ‘दर्शन’ हे दोन शब्द निराळे आहेत, आणि मला वाटते या भेदातच आत्याच्या प्रश्नाचा उलगडा आहे. पाहण्यात कर्ता एकच, पाहणारा. जे पाहिले जाते ते मुकाट पडून असते. दर्शन मात्र घेतले जाते आणि दिलेही जाते. ‘देवाने दर्शन दिले’ असे आपण म्हणतो. ‘देव पाहिला’ असे म्हणताना जीभ अडखळते. दर्शनात समोरचा दाता असतो, म्हणून घेणाऱ्यावर ऋण येते. ते ऋण कष्टांनी फिटत नाही आणि पैशांनीही फिटत नाही. समोर कोणी आहे हे ओळखण्याने त्याची फेड सुरू होते. उदारमतवादी उत्तर येथे अपुरे पडते. त्याने एवढेच विचारले, की माझ्यामुळे कोणाचे नुकसान झाले काय. समोर कोणी होते काय, हे त्याने विचारलेच नाही.

येथवर लिहून मी थांबलो असतो, तर हा लेख परदेशी सहलींवरील एक सभ्य टीका ठरला असता आणि माझी स्वतःची सुटका झाली असती. परंतु याहून जवळची आणि अधिक लाजिरवाणी गोष्ट सांगावयाची राहिली आहे.

मुक्ताईनगरजवळ चांगदेव येथे तापी आणि पूर्णा यांचा संगम आहे. त्याच्या खाली, तापीवर, हतनूरचे धरण झाले, आणि त्याचा फुगवटा संगमाच्या वरपर्यंत दोन्ही नद्यांत पसरला. आता तेथे विस्तीर्ण जलाशय आहे. थंडीच्या दिवसांत दूर उत्तरेकडून बदके आणि इतर पाखरे तेथे उतरतात. पक्षी पाहणारी मंडळी लांबून येतात. काही वर्षांपूर्वी माझे पुण्याचे काही स्नेही आले असता मीही त्यांस हौसेने होडीत बसवून नेले. सकाळची वेळ, पाण्यावर धुके, पलीकडे चांगदेवाच्या प्राचीन मंदिराचा काळा दगड. मी त्यांस चांगदेवाची आणि मुक्ताबाईची कथा सांगत होतो. होडी वल्हविणारा गृहस्थ साठीचा असावा. एका जागी त्याने वल्हे थांबविले आणि खाली पाण्याकडे पाहून म्हणाला, “इथं आमची विहीर होती. गोड पाणी होतं.” एवढे बोलून तो पुन्हा वल्हवू लागला. माझ्या स्नेह्यांनी ‘अरेरे’ म्हटले. मी ‘हो, पुष्कळांच्या जमिनी गेल्या’ असे म्हणून कथा पुढे सुरू केली.

हे मला त्या रात्री ओक्सफियोर्डच्या धक्क्याकडे पाहताना आठवले, आणि थंडीने नव्हे, निराळ्याच कारणाने अंग शहारले. हा माझा मुलूख. येथे माझे बालपण गेले. धरणाच्या पाण्याने केळीचे मळे पिकले, दीपनगरच्या वीजकेंद्रास पाणी मिळाले, आणि त्या विजेच्या दिव्याखाली बसून मी नीतिशास्त्राची टिपणे काढली. ते धरण चूक होते असे मी म्हणत नाही. तहानलेल्या मुलुखास पाणी हवेच होते. परंतु ज्याची विहीर गेली तो माझ्या समोर, हाताच्या अंतरावर बसला होता, आणि त्याचे नाव विचारण्याचेही मला सुचले नाही. मी माझ्याच गावी काचेच्या दालनात बसलो होतो. काच लावण्यास जहाज लागत नाही.

तेव्हा दोष सुखाचा नाही, परदेशाचा नाही आणि भाड्याचाही नाही. दोष आहे तो समोरच्या माणसास देखाव्यातील एक भाग समजण्याच्या सवयीचा. सुखाचा अपराध असलाच तर तो एवढाच, की ते ही सवय फार सोपी करते. पायी चालणाऱ्यास तहान लागते. तहान लागली की दार ठोठवावे लागते. दार ठोठावले की आत कोण राहते हे आपोआप कळते. सुखासीन प्रवाशाची तहान आधीच भागलेली असते, म्हणून दार ठोठावण्याचे काम त्यास बुद्धिपुरस्सर करावे लागते. कष्टांत पुण्य नसते. पण गरजेत ओळख असते. ज्याची गरज पैशाने टळली आहे, त्याने ओळख तरी हेतुपूर्वक करून घेतली पाहिजे.

यावर एक वाजवी आक्षेप असा येईल, की प्रत्येक प्रवाशाने प्रत्येक गावी दारे ठोठावीत हिंडणे शक्य नाही, आणि गावांसही ते सोसणार नाही. गायरांगरची कायमची वस्ती अवघी दोन-अडीचशे माणसांची. तेथे उन्हाळ्यात एकेका दिवशी हजारो पाहुणे उतरतात. त्या सर्वांनी घरोघर जाऊन ‘आपण कसे आहात’ म्हणून विचारले तर लोक दारास कुलपे लावून डोंगरावर जातील. आक्षेप खरा आहे. कधी कधी किनाऱ्याचे ऋण दूर राहूनच फेडावे लागते. नॉर्वेच्या संसदेने २०१८ साली असा ठराव केला, की वारशाच्या यादीतील फियोर्डांत धूर ओकणारी प्रवासी जहाजे येऊ नयेत; त्यास अनुसरून दहा हजार टनांखालील जहाजांस २०२६ पासून आणि त्याहून मोठ्या जहाजांस २०३२ पासून हे बंधन ठरले. आपल्या धुराचा थर कोणाच्या तरी खिडकीवर बसतो, हे मान्य करणे हीदेखील ओळखच होय. ओळखीचे रूप स्थळकाळाप्रमाणे बदलेल. समोर कोणी आहे, ही जाणीव मात्र सर्वत्र तीच.

चांगदेवाची कथा आमच्याकडे लहान मुलेही जाणतात. चौदाशे वर्षे जगलेल्या त्या योग्याने ज्ञानेश्वरांस पत्र धाडावयाचे ठरविले; परंतु वयाने लहान आणि ज्ञानाने थोर अशा त्या मुलास कोणत्या मायन्याने लिहावे हे न कळल्यामुळे कागद कोराच पाठविला. तो पाहून चिमुकली मुक्ताबाई म्हणाली, की इतकी वर्षे जगून हा कोराच राहिला. पुढे तिलाच त्याने गुरू केले. लहानपणी या कथेतील वाघाची स्वारी मला आवडे. आता तो कोरा कागद डोळ्यांपुढून हलत नाही. चांगदेव कोरा राहिला तो त्याने पाहिले कमी म्हणून नव्हे. समोरच्यास काय म्हणून हाक मारावी हे त्यास कळेना, म्हणून तो कोरा राहिला. माझ्या छायाचित्रांच्या संग्रहात नॉर्वेची नऊशे चित्रे आहेत. त्यांतील एकाही माणसाचे नाव मला ठाऊक नाही.

गेल्या ज्येष्ठात पालखी निघण्याच्या आदल्या दिवशी मी मुद्दाम मुक्ताईनगरास गेलो. आत्या पिशवी भरीत होती. मी विचारले, “आत्या, वाटेत तुझा उतारा कोठे कोठे असतो?” तिने गावे सांगितली नाहीत, माणसे सांगितली. बुलढाण्याच्या वाटेवर एक म्हातारी, जी हिच्यासाठी ज्वारीच्या पिठाची डेरी राखून ठेवते. जालन्याकडचा एक शिंपी, जो दरवर्षी हिची फाटकी पिशवी शिवून देतो आणि पैसे घेत नाही. बीड जिल्ह्यातील एक सून, जिला मागल्या साली दिवस गेले होते, तिचे बाळ पाहावयाचे आहे. त्या बाळासाठी शिवलेले टोपडे पिशवीत सर्वांत वर ठेविले होते.

दुसऱ्या दिवशी पालखी निघून गेल्यावर मी चांगदेवास गेलो. होडीवाले दोघे-तिघे काठावर बसले होते. तो गृहस्थ त्यांत नव्हता. मी त्याची चौकशी केली. “कोण? नाव काय त्याचे?” त्यांनी विचारले.

मी म्हणालो, “नाव ठाऊक नाही. त्याची येथे विहीर होती.”

त्यांपैकी एकजण पाण्याकडे पाहत म्हणाला, “विहिरी तर साऱ्यांच्याच होत्या, मास्तर. बसा.”

मी बसलो.